लातूरहून मोटरहोमने दोन रात्रींची सहल : जवळची छोटी गावे सुचवावीत (एकूण खर्च 20,000 रुपयांच्या आत)

लातूरची लेक :
नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात शुक्रवारी सकाळी निघून रविवारी रात्री परतायचे, अशी आमची सहल ठरते आहे. मी, यजमान, आठवीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे आम्ही चौघे आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार पायऱ्या नकोत. लातुरातच एका परिचितांकडे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेले मोटरहोम आहे. चालकासह दिवसाला 4,000 रुपये आणि डिझेल आपले, असे ते देणार आहेत. वेरूळ, अजिंठा आणि दौलताबाद आमचे पाहून झाले आहे. शंभर किलोमीटरच्या आतली, ज्यांच्याकडे आपण एरवी केवळ बसच्या खिडकीतून पाहतो अशी गावे हवी आहेत. रात्री गाडी कुठे उभी करावी आणि पाणी कुठे भरावे, हेही कृपया सांगावे.

डिझेलभक्त :
ताई, भाड्याच्या गाडीत पैसे घालू नका, असे मी स्पष्टच सांगतो. मी स्वतःची गाडी बांधून घेतली आहे. त्यात दोन लिथियम बॅटऱ्या, छतावर सौर पॅनेल, एसी, फ्रीज आणि मागे दुमडता येणारा ओटा आहे. आपल्या 20,000 रुपयांत माझ्या गाडीच्या बाजूचा चांदवादेखील बसला नसता. एकदा मनासारखी गाडी बांधून घेतली की आयुष्यभराची सोय होते. सुताराचा क्रमांक हवा असल्यास निरोप पाठवावा.

रानवाट :
वरील प्रतिसादात मूळ प्रश्नाचे उत्तर नाही, म्हणून मी देतो. नळदुर्गला जावे. लातूरहून औसामार्गे निघाल्यास वाटेत औशाचा भुईकोट किल्ला पाहता येतो. तो सपाटीवर असल्याने सासूबाईंनाही निदान दरवाजापर्यंत नेता येईल. नळदुर्गच्या किल्ल्याला बोरी नदीचा वेढा आहे आणि नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली तो पूर्ण झाला. परतताना तुळजापूर आणि तेर करावे. तेर म्हणजे प्राचीन तगर. गोरोबाकाकांचे हे गाव असून तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती पाहायला मिळतात. मुलगी आठवीत असेल तर ते संग्रहालय चुकवू नये.

घाटमाथा :
मोटरहोम मिळतेच आहे तर लोणारला जा. उल्कापाताने झालेले खाऱ्या पाण्याचे सरोवर आणि काठावरची जुनी मंदिरे सोडून किल्ल्यांच्या भिंती काय पाहता? आम्ही गेलो होतो, मुले अजून आठवण काढतात.

रानवाट :
लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे, म्हणजे विदर्भात, आणि लातूरहून ते दोनशे किलोमीटरच्या पुढे पडते. ताईंनी शंभर किलोमीटरच्या आत असे लिहिले आहे.

घाटमाथा :
जिल्ह्याची हद्द सरोवराला ठाऊक नसते. जालन्याहून लोणार आणि सिंदखेडराजा एकाच फेरीत होतात. बाकी ज्याची त्याची आवड.

उदगीरवाला :
प्रत्येक वेळी नळदुर्गचेच नाव निघते, याचे मला नवल वाटते. उदगीरचा किल्लाही लातूर जिल्ह्यातलाच आहे, आणि 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ती लढाई याच उदगीरची. पण सहलीच्या चर्चेत आमच्या गावाचा उल्लेख कोणी करत नाही. गाडी किल्ल्याजवळच्या गल्लीत मात्र नेऊ नका, रस्ता अरुंद आहे. बाजाराबाहेर उभी करून रिक्षाने जावे.

येसर आमटी :
मीही नळदुर्गच सुचवणार होते. नर आणि मादी हे दोन धबधबे तर अवश्य पाहावेत. आम्ही श्रावणात गेलो होतो आणि पाण्याच्या तुषारांनी सगळे भिजलो होतो. जेवणासाठी बाहेर फार खर्च करू नये. घरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि येसराचे पीठ न्यावे. गाडीत शेगडी असेल तर गरम येसर आमटी आणि भाकरी, एवढ्यात रात्रीचे जेवण होते. डिसेंबरअखेर हुरडाही सुरू झालेला असतो.

मांजराकाठ :
येसरताई, श्रावणातला धबधबा डिसेंबरात असेलच असे नाही. बांधावरून पाणी ओसंडले तरच तो कोसळतो. त्या भरवशावर बेत आखू नये.

आता ज्या दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत त्या लिहितो. पहिली जमिनीची. आपल्याकडची काळी माती कोरडी असताना डांबरी रस्त्यासारखी भासते. परंतु एक अवकाळी सर पडली किंवा शेजारच्या रानात रात्रीतून पाणी दिलेले असले, तर तीन टनांच्या पुढची गाडी सकाळी जागेवरून हलत नाही. चाके फिरवत राहिलात तर ती आणखी रुततात आणि शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून शेताच्या कडेला, तळ्याकाठी किंवा धरणाच्या बुडीत क्षेत्रात, दिसायला कितीही रम्य असले तरी, रात्री गाडी लावू नये. मुरमाड माळ, मंदिराचे फरशीचे आवार किंवा रात्रभर चालू असलेला पेट्रोल पंप पाहावा. पंपावर व्यवस्थापकाला विचारून, तिथेच डिझेल भरून उभे राहिल्यास सहसा कोणी हरकत घेत नाही, आणि उजेड व माणसांची ये-जा असते. गावात थांबायचे असल्यास पोलीस ठाण्यात सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. शंभर लिटरची टाकी घरूनच भरून निघावे. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन वाढते, हेही लक्षात घ्यावे. चार माणसांना तोंड धुणे, भांडी आणि स्वच्छतागृह धरून तेवढे पाणी दीड दिवस पुरते, अंघोळी केल्यास एक दिवससुद्धा नाही. डिसेंबरात कोणी नळाला पाइप लावू देईल. तरीही 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसांनी दुसऱ्याच्या गावात टाकी भरून मागताना थोडे संकोचावे, असे मला वाटते. मागायचेच असेल तर पैसे देऊन जारवाल्याकडून घ्यावे. वापरलेले पाणी रस्त्याकडेच्या चारीत सोडू नये, आणि शौचालयाची टाकी तर घरी किंवा सार्वजनिक शौचालयात परवानगीनेच रिकामी करावी.

सोलापूर रोड :
भाड्याची गाडी घेताना सावध राहा. आम्ही पुण्याच्या एका भाडेदाराकडून घेतली होती. पहिल्याच रात्री शौचालयाची टाकी गळू लागली, खिडक्या उघडून झोपावे लागले, आणि गाडी परत करताना आतला वास आमच्यामुळे आला असे सांगून त्यांनी अनामत रकमेतून पैसे कापून घेतले. पावतीवर काहीच लिहिलेले नसल्याने भांडताही आले नाही. तेव्हा ताब्यात घेतानाच प्रत्येक नळ, झाकण आणि दिवा सुरू करून मोबाइलवर चित्रीकरण करावे. आजही त्या गाडीचे नाव काढले की घरात वाद होतो.

डिझेलभक्त :
म्हणूनच मी म्हणालो की स्वतःची गाडी घ्यावी. आणि भाड्याच्या गाडीला एसी आहे का, हे विचारा. एसीशिवाय मोटरहोम म्हणजे फिरता भट्टीचा डबा.

गणितमास्तर :
डिसेंबरात लातूरकडे रात्री पांघरूण लागते, एसी नव्हे. तरीही हिशेब सांगतो. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 1,200 वॅट-तास. बॅटरी साध्या शिशाच्या प्रकारची असेल तर त्यातला निम्माच भाग वापरावा, नाहीतर तिचे आयुष्य घटते. हाती राहिले 600. एक टनाचा एसी चालताना सुमारे 1,000 वॅट ओढतो. म्हणजे अर्ध्या तासाने गाडीत अंधार. याउलट 30 वॅटचा पंखा त्याच बॅटरीवर रात्रभर चालून सकाळीही शिल्लक राहते. डिझेलभक्तांकडे आहे तशी लिथियम बॅटरी अधिक खोलपर्यंत वापरता येते, हे खरे. परंतु त्या बॅटरीवरही रात्रभर एसी चालवायचा तर एक-दोन बॅटऱ्यांनी भागत नाही.

डिझेलभक्त :
माझा चालतो.

गणितमास्तर :
इंजिन चालू ठेवून की बंद ठेवून, एवढे सांगावे.

डिझेलभक्त :
थोडा वेळ इंजिन चालू ठेवावे लागते, त्यात काय मोठे?

फाईलवाला :
कोणी विचारले नाही, तरी सांगणे आवश्यक आहे. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर मोटर कॅरॅव्हॅन अशी नोंद आहे का, ते पाहून घ्यावे. प्रवासी गाडीत परस्पर पलंग, गॅस आणि शौचालय बसवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या दृष्टीने अनधिकृत बदल ठरतो, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके त्याच मुद्द्यावर बोट ठेवते. परिचितांची गाडी भाड्याने घेताना तर हे अधिकच महत्त्वाचे. खासगी नोंदणीची गाडी पैसे घेऊन देता येत नाही. राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 साली आले आहे. गाडीमालकांना त्याविषयी पर्यटन कार्यालयात विचारता येईल.

गॅसचे एक सांगतो. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून गाडीच्या तळाला हवा बाहेर जाण्यासाठी झरोका असलाच पाहिजे, वरची खिडकी उघडी ठेवून भागत नाही. गाडी चालू असताना सिलिंडरची चावी बंद ठेवावी.

रानवाट :
फाईलवाला साहेबांनी उपयुक्त माहिती दिली. माझ्या आधीच्या प्रतिसादात एक भर घालतो. तुळजापूरला शुक्रवारी आणि रविवारी जाऊ नये, मंगळवार व पौर्णिमेप्रमाणेच या दिवशीही गर्दी असते. शनिवारी पहाटे जावे, मुक्काम नळदुर्गच्या बाजूला महामार्गावरच्या पंपाशी करावा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. साखर कारखाने सुरू असल्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो.

घाटमाथा :
उसाचे ट्रॅक्टर लोणारच्या रस्त्याला कमी लागतात.

उदगीरवाला :
परांड्याचा किल्ला कोणीच कसा सुचवला नाही? विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आधी परांड्यातच होती. अर्थात उदगीर सोडून परांड्याला जा, असे मी म्हणणार नाही.

येसर आमटी :
ज्वारीचे पीठ ताजे न्यावे, जुन्या पिठाची भाकरी थापताना तुटते. आणि गाडीत भाकरी भाजताना वरचे झाकण उघडे ठेवावे, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. आमचा वाजला होता आणि शेजारच्या ढाब्यावरचे सगळे धावत आले होते.

लातूरची लेक :
सर्वांचे मनापासून आभार. फाईलवाला साहेबांचा प्रतिसाद वाचून यजमान लगेच कागद पाहायला गेले. गाडीची नोंद मोटर कॅरॅव्हॅन अशीच असून परवानाही व्यावसायिक आहे, त्यामुळे ती चिंता मिटली. गॅसचा झरोका मात्र आतून पत्रा लावून बुजवलेला निघाला. तो मोकळा करून घेतल्याशिवाय शेगडी वापरणार नाही, असे मालकांना सांगितले आहे.

ठिकाण आम्ही वेगळेच ठरवले आहे. आम्ही अंबाजोगाईला जात आहोत. लातूरहून रेणापूर, बर्दापूर करत साठेक किलोमीटर होते. सासूबाईंचे माहेर तिथले, आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या वाड्यात दोन्ही रात्री गाडी लावायची आहे. योगेश्वरीचे दर्शन, दासोपंतांची समाधी आणि हत्तीखाना म्हणतात ती शिवलेणी एवढे पहिल्या दिवशी निवांत होईल. मुकुंदराजांच्या समाधीला दरीच्या उतारावर चालावे लागते, तिकडे मुलीला घेऊन आम्ही दोघे जाऊ. शनिवारी धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर आणि जमल्यास परळी. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गावातच असल्यामुळे सासूबाईंचीही काळजी नाही.

सोलापूर रोड :
भावाच्या वाड्यातच राहायचे असेल तर मोटरहोम कशासाठी? साधी गाडी करा, निम्म्या पैशांत होईल.

डिझेलभक्त :
अंबाजोगाई माझ्या गाडीने मी कधीच पालथी घातली आहे. तिथे बघण्यासारखे अर्ध्या दिवसात संपते.

रानवाट :
नळदुर्ग सोडल्याचे वाईट वाटते. पण दासोपंतांची पासोडी दाखवतात का, ते वाड्यातल्या मंडळींकरवी आधी विचारून ठेवा. त्या कापडावर दासोपंतांनी लिहिलेला पंचीकरण हा वेदान्तावरचा ग्रंथ मुलीला पाहायला मिळाला तर संग्रहालयाची कसर भरून निघेल.

लातूरची लेक :
सोलापूर रोड यांच्या प्रश्नाचे उत्तर देते. साध्या गाडीत सासूबाईंना अर्ध्या तासापेक्षा जास्त पाय दुमडून बसवत नाही, या गाडीत त्या आडव्या होऊन येऊ शकतात. आणि आपल्या रस्त्यांवर बायकांना वापरता येईल असे स्वच्छतागृह किती ठिकाणी मिळते, हे या धाग्यावर एकाही पुरुष सदस्याने विचारलेले नाही. सासूबाई पाणी न पिता प्रवास करतात आणि मग आजारी पडतात. गेल्या वर्षी माहेरी जाणे याच कारणाने त्यांनी टाळले. भाडे मी त्यासाठी देते आहे. रात्री त्या भावाच्या घरात झोपतील आणि आम्ही तिघे गाडीत.

पासोडीबद्दल मामांना विचारले आहे, ते चौकशी करून कळवणार आहेत.

मांजराकाठ :
बेत चांगला आहे. वाड्याच्या दरवाजाची उंची मोजली आहे का? ट्रॅव्हलरच्या उंच छताला, त्यावर पॅनेल असेल तर अधिकच, जुन्या दरवाजाखालून जाता येत नाही. गल्लीतल्या विजेच्या ताराही पाहायला सांगा.

लातूरची लेक :
मामांनी टेप लावून मोजले, गाडी आत येणार नाही. समोर त्यांचीच मोकळी जागा आहे आणि तिथे मुरूम टाकलेला आहे. तारा पाहायला सांगते.