चोळल्यावर दुखणं कमी का होतं?
लागलेली जागा चोळल्याने दुखणं खरंच कमी होतं, की तो मनाचा खेळ, असा प्रश्न पडतो. खरंच कमी होतं. स्पर्शाची बातमी जाड, वेष्टण असलेल्या मज्जातंतूंतून सेकंदाला 35 ते 75 मीटर वेगाने जाते. ठणका मात्र बारीक 'सी' तंतूंतून जेमतेम 0.5 ते 2 मीटरने. म्हणून ठेच लागली की आपटल्याचं आधी कळतं, ठणका मागून येतो. स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूतच अडवतात, हे मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी 1965 मध्ये मांडलं. पुढे बारकावे बदलले, मूळ कल्पना टिकली.

मला विलक्षण वाटतात ते स्पर्श आणि वेदना यांचे मेंदूकडे जाण्याचे मार्ग. वेदनेचा मार्ग मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात बाजू बदलतो, सूक्ष्म स्पर्शाचा मात्र थेट मेंदूच्या तळाशी पोचल्यावर. त्यामुळे पाठीत मज्जारज्जूची फक्त उजवी बाजू कापली गेली, तर उजव्या पायाचा सूक्ष्म स्पर्श जातो, आणि डाव्या पायाला टाचणी लागल्याचं कळतं, पण दुखत नाही! म्हणूनच 'वेदना म्हणजे जास्त जोराचा स्पर्श' हे म्हणणं मला अजिबात पटत नाही.