मदत हवी आहे: कोजागरीचं दूध ८० जणांसाठी, गल्लीच्या डेअरीसमोर (सांगली)

खणभागातल्या आमच्या गल्लीत यंदा गच्चीऐवजी डेअरीसमोरच कोजागरी करायची आहे. डेअरीवाले काका पातेलं, शेगडी द्यायला तयार आहेत, कोपऱ्यावरचे भडंगवाले ४ किलो भडंग त्याच संध्याकाळी ताजं परतून देणार. भाडेकरू आणि वसतिगृहातली मुलंही रोज या दोघांकडेच येतात, म्हणून निरोप काउंटरवरूनच देतोय. व्हॉट्सॲपवर जुनी घरंच तेवढी आहेत.

हिशोब असा: माणशी १५० मिली म्हणजे १२ लिटर. १५ लिटर म्हशीचं दूध आटवून तेवढं करायचं. साखर १ किलो, तीही शेवटी. आधी घातली की दूध लवकर तळाला लागतं आणि करपट वास सगळ्या पातेल्यात उतरतो.

अडचण पुढची आहे. दूध साडेनऊला तयार, वाटप बारापर्यंत. मंद आचेवर ठेवलं तर आटत जातं, जाड साय धरते आणि शेवटच्यांना नुसता मसाल्याचा गाळ. खाली उकळत्या पाण्याचं घमेलं ठेवून कुणी अडीच तास टिकवलंय का? की दोन खेपांत आटवावं?

भडंग दुधाच्या वाफेने सादळतं, ते लांबच्या टेबलावर ठेवू. आणि वर्गणी घरटी घ्यावी की माणशी? एकटे राहणारे संकोचून मागे राहू नयेत.