रायझन ५६०० साठी ३२ जीबी रॅम: ३२०० सीएल१६ की ३६०० सीएल१८?

खटपट्या:
मंडळी, सध्याचा सेटअप असा: रायझन ५ ५६००, चार स्लॉटचा बी४५० मदरबोर्ड, डीडीआर४ २६६६ सीएल१९ च्या ८ जीबीच्या दोन स्टिक, ग्राफिक्स कार्ड वेगळं. वापर १०८०पी गेम आणि डाविंची रिझॉल्व्हमध्ये एडिटिंग. एडिटिंगला १६ जीबी पुरत नाही, म्हणून ३२ वर जायचंय. दुकानात १६ जीबीच्या दोन स्टिकचे तीन पर्याय आहेत:

ट्रेची (डब्याशिवाय सुटी मिळणारी), बिनहीटसिंकची ३२०० सीएल२२
३२००, टायमिंग १६-१८-१८-३८
३६००, टायमिंग १८-२२-२२-४२

दुकानदाराचं म्हणणं, ३२०० म्हणजे ३२००च, उगाच जास्त पैसे कशाला. खरं आहे का? आणि जुन्या दोन स्टिक राहू देऊन नुसती आणखी १६ जीबी टाकली तर चालेल का?

ठोके_मोजणारा:
३२०० म्हणजे ३२००च हे बँडविड्थपुरतं (सेकंदाला किती डेटा जातो त्यापुरतं) खरं. सीएल म्हणजे रॅमकडे डेटा मागितल्यापासून तो येईपर्यंतचा उशीर (लेटन्सी). पण हा आकडा वेळ नसून क्लॉकच्या ठोक्यांची संख्या आहे, आणि वेग बदलला की ठोक्याची लांबी बदलते. नॅनोसेकंद हवे असतील तर सीएल गुणिले २०००, भागिले वेग.

तुमची २६६६ सीएल१९: १४.२५
३२०० सीएल२२: १३.७५
३२०० सीएल१६: १०
३६०० सीएल१८: १०

म्हणजे पहिला पर्याय लेटन्सीच्या बाबतीत आहे तिथेच ठेवतो. तो बाद.

उरलेल्या दोघांचा सीएलचा वेळ सारखा निघाला म्हणून थांबू नका. दुसरा आकडा टीआरसीडी: रॅममधली नवी रो (डेटाची ओळ) उघडायला लागणारे ठोके. गेममध्ये डेटा विखुरलेला असतो, त्यामुळे हा आकडा सारखा आडवा येतो. रो उघडून पहिला डेटा हातात येईपर्यंत ३२०० ला १८ + १६ = ३४ ठोके, म्हणजे २१.२५ नॅनोसेकंद. ३६०० ला २२ + १८ = ४० ठोके, म्हणजे २२.२. इथे 'हळू' रॅम पुढे!

मग ३६०० चा फायदा काय? एक, दोन चॅनलची बँडविड्थ ५१.२ वरून ५७.६ जीबी प्रतिसेकंद होते. दोन, आणि रायझनवर हेच जास्त महत्त्वाचं, इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा मार्ग) रॅमच्या घड्याळाला बांधलेलं असतं. ते १६०० वरून १८०० मेगाहर्ट्झवर जातं. प्रोसेसरकडून रॅमपर्यंतची प्रत्येक फेरी या फॅब्रिकमधूनच होते, त्यामुळे टीआरसीडीतला तोटा भरून निघतो आणि वर थोडं उरतं. थोडंच. किंमत जवळपास सारखी असेल तर ३६००, फरक डोळ्यात भरण्याइतका असेल तर ३२०० सीएल१६ निर्धास्त घ्या.

४००० च्या मोहात पडू नका. त्यासाठी फॅब्रिक २००० ला चालावं लागतं, ते बहुतेक ५६०० ना झेपत नाही. मग मेमरी कंट्रोलर अर्ध्या वेगाच्या मोडमध्ये जातो आणि लेटन्सी उलट वाढते.

स्लॉटमास्तर:
जुनी आणि नवी एकत्र करण्याबद्दल. मशीन सुरू होईल, पण चारही स्टिक सगळ्यात हळू स्टिकच्या चालीने चालतील, म्हणजे २६६६ वर. एक्सएमपी प्रोफाइल (स्टिकमध्येच साठवलेली जाहीर वेग-टायमिंगची सेटिंग) फक्त त्या किटपुरती तपासलेली असते, शेजारी दुसऱ्या चिपची स्टिक आली की ती हमी संपली. शिवाय चार स्टिकचा भार वेगळाच. एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकला ३२००, चार सिंगल रँकला (रँक म्हणजे स्टिकवरच्या चिपचा एकत्र चालणारा गट) २९३३ आणि चार ड्युअल रँकला २६६६ आहे. जुनी काढून विका.

बसवताना: आधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बायोसमध्ये प्रोफाइल सुरू करा, नाहीतर ३६०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच रखडेल आणि महिनोन् महिने कळणारही नाही. नावं बोर्डागणिक बदलतात: असूसवर डीओसीपी, एमएसआयवर ए-एक्सएमपी, गिगाबाइटवर एक्सएमपी. व्होल्टेज १.३५ आणि फॅब्रिक १८०० दिसतंय ना, ते बघूनच सेव्ह करा.

विंडोजमध्ये सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबवर १८०० च्या आसपास दिसेल. घाबरू नका, डीडीआर असल्याने दुप्पट धरायचं. त्याच टॅबवर अनकोर फ्रिक्वेन्सी (मेमरी कंट्रोलरचा वेग) हीही १८०० हवी. ९०० दिसली तर अर्धा मोड लागलाय.

स्क्रीन काळी राहिली तर बोर्डाला दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होऊ द्या, ट्रेनिंग (रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं. तरी उठलं नाही तर पॉवरची वायर काढून सीमॉस क्लिअर करा (बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला आणा), मग तीच टायमिंग ठेवून ३४६६ लावून बघा.

खटपट्या:
बिल्कुल पटलं. दोन्हींच्या किमतीत फरक किरकोळ आहे, तेव्हा ३६००. पण दुकानाच्या यादीत नुसतं 'सीएल१८' लिहिलंय, पुढचे आकडे कुठे मिळतील? आणि स्थिर चालतंय हे ओळखायचं कसं?

ठोके_मोजणारा:
स्टिकच्या स्टिकरवरचा पूर्ण पार्ट नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर टाका, चारही आकडे मिळतात. १८-२०-२० सारखी किट त्याच भावात मिळाली तर तीच उचला. स्टिक ड्युअल रँक निघाली तर बोनस, ५६०० वर त्याचा थोडा फायदा होतो. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबवर रँक दिसतो.

टेस्ट दोन निरनिराळ्या. रॅमसाठी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चार पास, रात्री लावून झोपा. एक एरर म्हणजे नापास, 'एकच तर आहे' चालत नाही. एडिटिंगवाल्याच्या फाइल अशाच गुपचूप खराब होतात. फॅब्रिकची चूक मात्र मेमटेस्टमध्ये सापडेलच असं नाही. दोन-तीन तास गेम किंवा रेंडर झाल्यावर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि व्हीआ-लॉगरच्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) १९ नंबरच्या नोंदी शोधा. त्या दिसल्या तर रॅम बदलू नका, फॅब्रिक आणि रॅम दोन्ही एक पायरी खाली आणा.

स्लॉटमास्तर:
बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. एकाच नावाच्या डब्यात वेगवेगळ्या टायमिंगची किट असते, आणि बदलून घ्यायची वेळ आली तर दुकानदार 'सीएल१८ च दिली होती' म्हणायला मोकळा.