आयपी प्रोग्रॅमने स्वतःकडे धरून ठेवावा की दर वेळी नाव विचारावं?

टर्मिनलवाला
सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, शोधायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं आहे, प्रोग्रॅमने त्यात लुडबुड करू नये, असं माझं ठाम मत झालंय. तुमचं काय ते सांगा, म्हणून हा धागा काढतोय.

झालं असं की आमच्याकडे डेटाबेसचा फेलओव्हर झाला (काम राखीव सर्व्हरवर गेलं), नाव तेच राहिलं, मागचा आयपी बदलला. टीटीएल, म्हणजे मिळालेलं उत्तर किती वेळ जपायचं तो काळ, ६० सेकंदांचा होता, म्हणजे मिनिटभरात सगळं रुळावर यायला हवं होतं, आलंही, फक्त एक सर्व्हिस सोडून. ती रीस्टार्ट करेपर्यंत जुन्याच आयपीवर धडका मारत बसली, कारण सुरू होताना एकदाच नाव विचारून आयपी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये टाकलेला आणि परत विचारायची सोयच नव्हती! लॉगमध्ये 'कनेक्शन टाइम्ड आउट' एवढंच, त्यामुळे पहिला तास सगळे फायरवॉल तपासत होते.

मी म्हणतो प्रोग्रॅमने नाव जपावं. नवीन कनेक्शन उघडायचं की गेटअ‍ॅड्रइन्फो (नावावरून पत्ते देणारं सिस्टिमचं फंक्शन) मारायचं, मिळेल ती यादी वापरायची आणि सोडून द्यायची. कॅशे (उत्तरांचा साठा) हवाच असेल तर मशीनवर अनबाउंड नाहीतर सिस्टिमडी-रिझॉल्व्हड असा रिझॉल्व्हर (नावांची उत्तरं शोधून देणारा प्रोग्रॅम) बसवा, मशीनवरच्या सगळ्या प्रोग्रॅमना एकच उत्तर मिळेल.

रात्रपाळी
पूर्ण असहमत. ग्लोबल व्हेरिएबलमध्ये आयपी ठेवणं चूकच, त्याबद्दल वाद नाही, पण त्यावर उपाय म्हणून गेटअ‍ॅड्रइन्फोच्या हवाली व्हा हे मला पटत नाही.

एक तर ते फंक्शन ब्लॉकिंग आहे, उत्तर येईपर्यंत थ्रेड (प्रोग्रॅममधली कामाची एक वाट) अडकून पडतो. त्याला टाइमआउट देता येत नाही. रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमधला (नाव कोणत्या नेमसर्व्हरला विचारायचं ते त्यात असतं) डिफॉल्ट बघा, एका सर्व्हरला ५ सेकंद आणि २ फेऱ्या, म्हणजे दोन नेमसर्व्हर लिहिलेले असतील आणि दोन्ही गप्प असतील तर वीसेक सेकंद गेले, आणि तुमच्या युजरला रिक्वेस्टसाठी तुम्ही ३ सेकंद कबूल केलेत. वर ते टीटीएलसुद्धा परत देत नाही. मग उत्तर किती वेळ चालेल हे प्रोग्रॅमला कळणार कसं?

नोड.जेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) तर हे फार वाईट दिसतं. तिथलं डीएनएस लुकअप (नावावरून पत्ता शोधणं) आतून गेटअ‍ॅड्रइन्फोच बोलावतं आणि ते लिबयूव्ही या त्याच्या आतल्या लायब्ररीच्या थ्रेडपूलमध्ये चालतं, डिफॉल्ट ४ थ्रेड. नावं अडकली की त्याच पूलमधून चालणारं फाइल वाचणंही मंदावतं, आणि लोक डिस्क स्लो आहे म्हणून डिस्कच्या मागे लागतात! सी-एरेससारखी असिंक्रोनस (उत्तराची वाट बघत अडकून न पडणारी) लायब्ररी घ्या, टाइमआउट आपल्या हातात, टीटीएलही मिळतो. गर्दीच्या सर्व्हिसला दुसरा मार्ग नाही.

मुळाकाठ
रात्रपाळी, मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच सांगितलात. सी-एरेस होस्ट्स फाइल (मशीनवरची नाव-पत्त्यांची यादी) वाचतं हे मान्य, पण एनएसस्विचमध्ये (नाव कुठे कुठे शोधायचं ते ठरवणारी सेटिंग) अ‍ॅडमिनने जे मॉड्यूल लावलेत ते सगळे त्याला कुठे ठाऊक? 'डॉट लोकल'वाली एमडीएनएसची (स्थानिक नेटवर्कवरची) नावं तिथेच अडकतात.

मी सपोर्टला आहे, दर आठवड्याला हीच तक्रार येते, "डिग मारलं की आयपी येतो पण अ‍ॅप म्हणतं नाव सापडत नाही". अहो डिग (नाव तपासायची कमांड) थेट नेमसर्व्हरला विचारतं, ते ना होस्ट्स फाइल बघत ना एनएसस्विच. प्रोग्रॅमला काय दिसतंय ते बघायचं तर 'गेटएंट ए-होस्ट्स' आणि पुढे नाव, असं मारायचं, ते गेटअ‍ॅड्रइन्फोच्याच वाटेने जातं. त्यात एकच आयपी तीनदा दिसला तर घाबरू नका, स्ट्रीम, डीग्रॅम आणि रॉ अशा तीन सॉकेट प्रकारांसाठी तीन ओळी असतात. तुमच्या कोडमध्येही हिंट्समध्ये सॉकेटचा प्रकार दिला नाही तर हेच होतं आणि मग लोक तोच बंद पडलेला पत्ता तीनतीनदा ट्राय करतात.

आता एका मशीनवर चार प्रोग्रॅम आणि चौघांचे चार रिझॉल्व्हर असले तर बिघाड शोधायचा कुठे? माझं मत धागाकर्त्याला.

पॅकेटपाटील
मशीनवर सोडा म्हणताय ना, मग कुबरनेटीजमध्ये (अनेक मशीनवर प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली) मशीन काय करतं ते बघा. पॉडच्या (प्रोग्रॅम ज्यात चालतो ते तिथलं युनिट) रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये डिफॉल्ट एनडॉट्स ५ असतं, म्हणजे नावात पाचपेक्षा कमी टिंबं असली की आधी सर्च लिस्ट लावून बघायचं. आता 'एपीआय.एक्झाम्पल.कॉम' घ्या, टिंबं दोन. मग आधी त्याला नेमस्पेसचं शेपूट लावून विचारणार, मग 'एसव्हीसी.क्लस्टर.लोकल' लावून, मग नुसतं 'क्लस्टर.लोकल', आणि हे तिन्ही नाही म्हणाले की मग खरं नाव. दर वेळी आयपीव्ही४ची एक आणि आयपीव्ही६ची (पत्त्यांच्या जुन्या आणि नव्या पद्धती) एक अशा दोन क्वेरी, म्हणजे एका आयपीसाठी ८ क्वेरी आणि त्यातल्या ६ फुकट. दर कनेक्शनला हे करत बसलं तर कोअरडीएनएस या तिथल्या नेमसर्व्हरचं कंबरडं मोडतं.

नावाच्या शेवटी एक टिंब द्या, सर्च लिस्ट बंद, ८च्या २ होतात. पण हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत हवं ना. सिस्टिम बघून घेईल म्हणून हात झटकले की हे कळतच नाही. मी रात्रपाळींच्या बाजूने.

टर्मिनलवाला
पॅकेटपाटील, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे की हो. एनडॉट्स पॉडच्या कॉन्फिगमध्ये एका ओळीत बदलता येतं, नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) नोडलोकल डीएनएसकॅशे बसवता येतो, आणि त्याचा फायदा जावावाल्याला, पायथनवाल्याला, सगळ्यांना एकदम. प्रत्येक टीमने आपापल्या कोडमध्ये वेगळा इलाज केला तर उद्या तो कोणी सांभाळायचा? ती माणसं तर नोकरी बदलून गेलेली असतात.

नवी_भरती
मधेच विचारते, आम्हाला कॉलेजात प्रॅक्टिकलला गेटहोस्टबायनेमच (नावावरून पत्ता देणारं जुनं फंक्शन) होतं, जर्नलमध्येही तेच. ते चालणार नाही का आता?

मुळाकाठ
चालतं, पण नवीन कोडमध्ये नको. ते फक्त आयपीव्ही४ देतं, उत्तर एका स्टॅटिक जागेत ठेवतं, त्यामुळे दुसऱ्या थ्रेडने बोलावलं की पहिल्याचं उत्तर पुसलं जातं. पॉझिक्स या मानकाच्या २००८च्या आवृत्तीतून ते काढूनच टाकलंय. शिवाय जानेवारी २०१५मध्ये 'घोस्ट' नावाचा जो बग गाजला तो जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतल्या याच फंक्शनांच्या घराण्यातला. तो २०१३मध्येच दुरुस्त झाला होता, पण ती सिक्युरिटीची गोष्ट आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून बऱ्याच लिनक्स डिस्ट्रोंमध्ये जुनाच कोड राहिला.

रात्रपाळी
आणि फेब्रुवारी २०१६मध्ये त्याच जीलिबसीच्या गेटअ‍ॅड्रइन्फोमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो निघाला, २०४८ बाइटचा बफर आणि त्यापेक्षा मोठं उत्तर आलं की खेळ खलास, हेही सांगा की. सिस्टिमचं म्हणून ते निर्धोक असं नसतं.

मुळाकाठ
मान्य. पण लायब्ररी अपडेट करून मशीन रीबूट केलं की त्यावरचे सगळे प्रोग्रॅम एका दमात दुरुस्त झाले. प्रत्येकाने आपला रिझॉल्व्हर आत बांधून आणला असता तर प्रत्येक बायनरी पुन्हा बिल्ड करावी लागली असती. आणि सिस्टिम म्हणजे फक्त जीलिबसी नव्हे. अल्पाइन लिनक्सच्या मसल या सी लायब्ररीमध्ये डीएनएससाठी टीसीपी फॉलबॅक २०२३च्या १.२.४मध्ये आला, त्याआधी मोठं उत्तर यूडीपीत मावलं नाही की अर्धवटच यायचं. कंटेनरची इमेज निवडतानाच हे बघायला हवं.

सह्यकडा
तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. बहुतेक प्रोग्रॅम यादीतला पहिला पत्ता उचलतात आणि तो लागला नाही की एरर देऊन मोकळे. ही यादी आहे, तिला क्रम आहे (आरएफसी ६७२४ या इंटरनेट मानकाप्रमाणे लावतात), एक लागला नाही तर पुढचा बघायचा असतो. नोड.जेएस १७ आलं तेव्हा किती जणांची धावपळ झाली आठवा, आधी ते आयपीव्ही४चे पत्ते पुढे आणायचं, १७पासून सिस्टिमने दिला तोच क्रम ठेवायला लागलं, झालं, 'लोकलहोस्ट'ला ::१ हा आयपीव्ही६चा पत्ता मिळायला लागला आणि ज्यांचे सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर ऐकत होते त्यांना कनेक्शन रिफ्यूज्ड.

मी मोबाइल अ‍ॅप करतो. आपल्याकडे जिओ आल्यापासून आयपीव्ही६ ही रोजची गोष्ट झालीय, आणि अ‍ॅपल तर जून २०१६पासून फक्त आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर न चालणारं अ‍ॅप स्टोअरमध्ये घेतच नाही. इथे नुसतं नाव विचारून भागत नाही. हॅपी आयबॉल्स, आरएफसी ८३०५, त्यात एक पत्ता ट्राय करायचा, २५० मिलिसेकंदांत जमलं नाही तर पहिल्याला न थांबवता दुसरा सुरू करायचा, जो आधी लागेल तो घ्यायचा. हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या वरच्या थराचं नेटवर्किंग वापरलं तर आपोआप मिळतं. सॉकेट स्वतः उघडायचा तर स्वतः लिहा, पण लिहा!

रात्रपाळी
हे शंभर टक्के. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला, नेमसर्व्हरच चुकला तर काय? २० ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळीत, अमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेचं डीएनएस रेकॉर्ड रिकामं झालं. दर वेळी ताजं विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती त्या वेळी काहीच लागत नाही. शेवटचं चांगलं उत्तर जवळ ठेवलं तर निदान प्रयत्न तरी करता येतो.

टर्मिनलवाला
त्यासाठी २०२०चा आरएफसी ८७६७ आहे, मुदत संपलेलं उत्तर रिझॉल्व्हरने अडचणीपुरतं द्यायचं, अनबाउंडमध्ये ती सोय आहे. पण ती चालते वरचा सर्व्हर उत्तरच देत नसेल तेव्हा. रेकॉर्ड रिकामं आहे असं अधिकृत उत्तर आलं तर रिझॉल्व्हर ते खरंच मानणार, आणि मानायलाच हवं, नाहीतर मुद्दाम काढून टाकलेल्या सर्व्हरवर ट्रॅफिक जात राहील. तुमचा प्रोग्रॅम तरी या दोन्हीतला फरक कसा ओळखणार ते सांगा.

रात्रपाळी
ओळखता येत नाही, बरोबर. म्हणून मी जुना पत्ता फक्त रीड (नुसतं वाचायच्या) क्वेरीला वापरतो, तोही टीएलएस सर्टिफिकेटवरचं नाव जुळलं तरच, आणि १० मिनिटांनंतर सोडून देतो. राइट असेल तर सरळ एरर. हे रिझॉल्व्हरला करता येणार नाही, त्याला रीड काय आणि राइट काय माहीतच नसतं.

टर्मिनलवाला
रीडपुरतं पटलं. बाकी कनेक्शन पूलचं (उघडी ठेवून पुन्हापुन्हा वापरायची कनेक्शनं) काय करता? पूलमधली कनेक्शनं तासन्‌तास उघडी राहतात, त्यांना नाव पुन्हा विचारायची वेळच येत नाही, टीटीएल ६० असो की ६. आम्ही आता पूलमधल्या कनेक्शनला कमाल आयुष्य लावतोय, तुमच्याकडे किती ठेवलंय?