करार मोडल्यावर न्यायालय काय करते?
चित्रपट-मालिकांमुळे ‘सही नाही तर करार नाही’ असा समज रुजतो, असे अनेकदा म्हटले जाते आणि ते मला मान्य आहे. बहुतेक व्यवहारांत तोंडी करारही बंधनकारक असतो, अडचण येते ती तो सिद्ध करताना. मात्र त्याहून हानिकारक असा आणखी एक समज आहे. एकदा सही केली की न्यायालय माणसाला जबरदस्तीने कामाला जुंपू शकते, असे पडद्यावर सर्रास दाखवले जाते, आणि त्या भीतीपोटी अनेक जण अन्यायकारक अटी निमूटपणे सोसत राहतात.

खुद्द चित्रसृष्टीतलेच उदाहरण पाहावे. बेटी डेव्हिस या अमेरिकी अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीचा करार झुगारून इंग्लंडमध्ये काम करायचे ठरवले, तेव्हा १९३६ साली प्रकरण तिथल्या न्यायालयात गेले. न्यायालयाने तिला वॉर्नरसाठी अभिनय करण्याचा हुकूम दिला नाही, तर इतरांसाठी पडद्यावर वा रंगमंचावर काम करण्यास मर्यादित काळापुरती मनाई केली. ती दुसऱ्या एखाद्या व्यवसायात पोट भरू शकेल, हा त्यामागचा तर्क मला पटत नाही, कारण अशा मनाईने व्यवहारात सक्तीच साधली जाते. ती अखेर त्याच कंपनीकडे परतली. तरीही आदेश आणि मनाई यांतला हा फरक करारावर सही करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा.