पोलिसांच्या कॉम्प्युटरवरचं आपलं रेकॉर्ड कोण कोण बघू शकतं?

कळव्याचा_पक्या:
मंडळी, गेल्या आठवड्यात मोबाईल हरवला म्हणून ठाण्यातल्याच एका ठाण्यात गेलेलो (कुठल्या ते विचारू नका). टायपिंगवाला जेवायला उठला, दुसरा त्याच खुर्चीत बसला आणि त्याच्याच लॉगिनवर माझी तक्रार टाईप करायला लागला, मध्येच स्क्रीन लॉक झाली तर पासवर्ड मॉनिटरखाली सेलोटेपने चिकटवलेला, मला स्टुलावरून वाचता येत होता. टेन्शन असं की २०१७ ला सोसायटीत पार्किंगवरून राडा झाला त्यात माझंपण नाव होतं, नंतर निर्दोष सुटलो. ते पण त्यातच असणार ना? कोणीही उघडून बघणार का? काही नियम आहे की नाही?

घणसोली_नेटवर्कवाला:
नियम भरपूर आहेत रे. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २०२२ च्या आदेशाप्रमाणे सरकारी ऑफिसांनाही लॉग, म्हणजे कोणत्या आयडीने कधी काय केलं त्याची नोंद, १८० दिवस ठेवावे लागतात, सिस्टीममध्ये कोणी घुसलं तर ६ तासांत कळवायचं. पण ह्या सगळ्याला अर्थ कधी, जेव्हा एका माणसाला एक आयडी असेल. तुझी फाईल उद्या कोणी उघडली तर लॉग सांगणार अमुक हवालदारांनी उघडली, आणि ते तर तेव्हा डबा खात होते. बाहेरच्या हॅकरपेक्षा मला ह्या सेलोटेपची भीती वाटते.

वकील_नौपाडा:
बरोबर, पण पक्याभाऊ, एफआयआर तशी गुप्त नसतेच. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालापासून ती २४ तासांत वेबसाईटवर टाकायची असते, लैंगिक अत्याचार, पोक्सो वगैरे संवेदनशील केसेस सोडून. तुमचा खरा प्रॉब्लेम वेगळा, एफआयआर चढते पण सुटलात ही नोंद पुढे पोचली का ते कोण बघतं? ई-कोर्ट्स ह्या कोर्टांच्या वेबसाईटवर १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नंबर) टाकून निकाल दिसतो का बघा आणि सर्टिफाइड कॉपी काढून ठेवा, व्हेरिफिकेशनला तीच कामाला येते. आणि कोणी सांगेल २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने सुटल्यावर रेकॉर्ड नष्ट करतात, तर ते बोटांचे ठसे, फोटो असल्या मापांचं आहे (एरवी ती ७५ वर्षं ठेवतात), एफआयआरचं नाही.

कळव्याचा_पक्या:
थँक्यू साहेब, निकाल दिसतोय, कॉपीला उद्याच अर्ज टाकतो. पासवर्डचं कोणाला सांगू?

घणसोली_नेटवर्कवाला:
वरिष्ठांना लेखी दे. इथे मात्र टाकू नकोस तो.

कळव्याचा_पक्या:
छे रे, एवढा येडा नाही मी. फक्त शेवटी १२३ होतं.

घणसोली_नेटवर्कवाला:
🤦 टाकलास ना!