अमळनेरची कंपनी, बर्लिनचं काम: जाऊ तर कशी जाऊ?

बोरीकाठची
नमस्कार मंडळी. मी टू-डी ॲनिमेटर, अमळनेरची. पुण्यात सहा वर्षं स्टुडिओत काढली, मग घरी परतले आणि स्वतःची ओपीसी, म्हणजे एकाच माणसाची कंपनी, काढली. दोन वर्षं झाली, बर्लिनच्या एका स्टुडिओसाठी मुलांच्या मालिकेचे शॉट करते. माडीवरची खोली, पेन टॅब्लेट, यूपीएस, एवढाच पसारा. मे महिन्यात पारा ४४ वर गेला की मशीन तापतं, म्हणून अवघड शॉट पहाटे चारला उठून करते. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे दीड. ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली की अडीच.

आता स्टुडिओ म्हणतो, वर्षभर इथे येऊन टीममध्ये बस, पैसे तुझ्या कंपनीच्या बिलावरच देऊ. मला जायचंय. दिग्दर्शक शेजारी बसून एखाद्या पोझवर बोट ठेवतो तेव्हा जे कळतं, ते ईमेलमधल्या टिपांतून कळत नाही. आई म्हणते, "तठे एकटी कशी ऱ्हाशी?" बाबा म्हणाले, १९४५ साली विप्रोची सुरुवात आपल्याच गावात तेलाच्या कारखान्यातून झाली, तू बिनधास्त जा. सीए म्हणतात, बिल करत राहा, काही फरक पडत नाही. खरंच पडत नाही का?

शिरपूरचा भाऊ
ताई, पडतो, आणि फार पडतो. बिल कुठल्या गावच्या कंपनीचं आहे हे नंतर. काम करताना तुम्ही कुठल्या देशात बसलाय, हे आधी बघतात.

माझ्यावर बेतलंय म्हणून कळकळीने लिहितो. मी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, बिझनेस व्हिसावर गेलो होतो. १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, तेवढ्यात काम उरकू असं मला आणि स्टुडिओलाही वाटलं. त्या व्हिसावर मीटिंगला बसता येतं, पण टेबलावर बसून शॉट करता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या वकिलाच्या लक्षात आलं. दुपारी माझं लॉगिन बंद झालं आणि अर्धा राहिलेला वॉक सायकल, म्हणजे पात्राच्या चालण्याचा तुकडा, दुसऱ्याने पुरा केला. तिकिटाचे पैसे वडिलांनी केळीच्या पट्टीतून दिले होते. घरी फोन करायला मला दोन दिवस लागले.

दुसऱ्या वेळी नीट गेलो आणि चार वर्षं राहिलो. जर्मनीच्या निवास कायद्यात कलम २१(५) आहे. त्यावर स्वतंत्र व्यावसायिकाला स्वतःच्या नावाने काम करायचा परवाना मिळतो, आणि कलाकार त्यात बसतो. आपल्याला व्हिसा इथूनच, मुंबईच्या जर्मन वकिलातीतून काढून जावं लागतं. पोर्टफोलिओ, काम देणाऱ्यांची पत्रं, आरोग्य विमा आणि खर्च कसा भागेल त्याचा हिशेब जोडायचा. वय ४५ च्या वर असेल तर म्हातारपणाची तजवीजही दाखवावी लागते. तिथे पोचल्यावर फिनान्झाम्टकडून, म्हणजे कर कार्यालयाकडून, नंबर घ्यायचा. कंपनी लागतच नाही! शिवाय कलाकारांच्या सामाजिक विमा निधीत तुमचं नाव लागलं, तर विमा-पेन्शनचा साधारण निम्माच हप्ता तुम्ही भरता.

पण पत्रं दोन-तीन स्टुडिओंची घ्या. एकच स्टुडिओ, त्यांचीच मशीन, त्यांचीच वेळ असं असलं, की तिथलं पेन्शन खातं म्हणू शकतं की ही बाई फ्रीलान्सर नाही, नोकरदार आहे. थकलेली वर्गणी मग स्टुडिओच्या गळ्यात येते. वर्षभर टीममध्येच बसवायचंय तर नोकरीचा करार का देत नाही, हे त्यांना सरळ विचारा.

धुळेकर हिशेबनीस
भाऊंशी सहमत. त्यात एवढंच घालतो. कंपनीच्या एकुलत्या एक डायरेक्टर तुम्ही. वर्षभर बर्लिनला बसून कंपनी चालवलीत, तर तिथलं कर खातं कंपनीलाही हिशेब विचारू शकतं. इकडे ओपीसीला धंदा असो-नसो, दरवर्षी ऑडिट सुटत नाही.

घरी बसून करताय तोवर ते सेवेची निर्यात आहे. जीएसटी नंबर असेल तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरा. मी एका एप्रिलला विसरलो आणि तीन बिलांवर १८ टक्के आयजीएसटी खिशातून भरला. रिफंड आला, पण आठ महिन्यांनी. आणि भारतात १८२ दिवस भरतात की नाही, हे जायच्या तारखेआधी मोजा. तुमची रहिवास-स्थिती कशी ठरते, त्यावर दोन्हीकडच्या कराचा हिशेब फिरतो.

बोरीकाठची
खूप आभार, दोघांचेही. काल नोकरीच्या कराराचं विचारलं. प्रोड्यूसर म्हणाली, शुक्रवारपर्यंत कळवते. नाहीच म्हणाले तर २१(५) ची तयारी करते, जुन्या ओळखीच्या आणखी एका स्टुडिओला पत्रासाठी लिहिलंय. भाऊ, पोर्टफोलिओत रफ, म्हणजे कच्ची रेखाटनं टाकू, की क्लीनअप, म्हणजे साफ केलेल्या रेषांची?

शिरपूरचा भाऊ
रफ आधी टाका, त्याच शॉटचं क्लीनअप मागून. प्रत्येक शॉटखाली तुमचं नेमकं काम काय होतं ते लिहा. आणि मालिका अजून प्रसारित झाली नसेल, तर शॉट दाखवायची स्टुडिओकडून लेखी परवानगी घ्या.